नोट

मिहानच्या मागं एक रस्ता आहे, कुठेच न जाणारा.
दोन किलोमीटर चौपदरी, मग एकदम वाळलेली पऱ्हाटी.
मे महिन्यात तिथं साडेपाचलाच जमावं लागतं,
नऊनंतर डांबर चप्पल सोडत नाही.

आम्ही अकरा जण, सात गाड्या.
हेडाऊची एस्टीम, बॉनेट सुतळीनं बांधलेलं.
माझी जिप्सी, तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.
आणि शर्वरी पोटदुखेनं आणलेली ती पांढरी,
जिच्या ड्रायव्हर सीटवर
कुणीतरी पोह्यांचा डबा ठेवला होता.

मध्ये माठ ठेवला, इतवारीतून आणलेला, काठोकाठ भरलेला.
शर्वरीनं लॅपटॉपवर एक बटण दाबलं, हात बाजूला घेतले.
गाडी फिरली.
मागची चाकं सुटली, पण सुटल्यासारखी नाही,
कुणीतरी त्यांची रजा मंजूर केल्यासारखी.
सात फेऱ्या. माठापासून हातभर अंतर.
जाऊन पाहिलं तर डांबरावर रेघ एकच.
माझ्या सात फेऱ्यांचं तिथं
बालवाडीच्या पाटीवरचं शून्य झालं असतं.

'भेव नाही तर स्टंट कायचा बे?' हेडाऊ म्हणाला,
'याच्यात मराले कोण हाय?'
नंदनवार म्हणाला, 'मिक्सर आला तवा माही मायबी असंच म्हणे,
पाट्याची चव नाही म्हणे.
आता पाटा दरवाजाले अडण म्हणून ठेवला हाय.'
इक्बाल टायरांपाशी उकिडवा बसला होता:
'झिजतात तर हिचेबी. मंग कोणाच्या नावानं झिजतात?'
प्रणोती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, 'रितेशच्या पायात अजून रॉड आहे,
सेमिनरी हिल्सच्या वळणाचा.
मला तर ही आवडली.'
थर्मास फिरला. चहा सगळ्यांना पुरला नाही.

उकंडरावांना आम्ही खुर्चीसकट आणलं होतं.
रामटेकच्या जत्रेत, मौत का कुआँच्या फळ्यांवर
एकवीस वर्षं त्यांनी मारुती चालवली, दार काढलेली,
एक हात बाहेर,
वरून वाकलेल्या लोकांच्या बोटांतून
दहाच्या नोटा खुडत.

ते उठले. बंडीच्या खिशातून वीसची नोट काढली,
माठापाशी जाऊन उभे राहिले, हात लांब करून.
'चालव पोरी, पुन्हा.'

पांढरीनं हात पाहिला
आणि फेरा मोठा केला.
ते एक पाऊल पुढे, ती दोन पावलं लांब.
पुन्हा पुढे, पुन्हा लांब.
शेवटी ती पऱ्हाटीच्या काठाकाठानं फिरत राहिली,
जशी सोवळ्यातली बाई ओल्या अंगणातून जाते.
'तिला वाटतंय तुम्हाला लागेल, काका.'
'चांगल्या घरची हाय,' उकंडराव म्हणाले.
नोट तशीच, हवेत.

शर्वरीनं लॅपटॉप मिटला,
हेडाऊकडे एस्टीमची किल्ली मागितली.
कुणी नको म्हणालं नाही. म्हणायला हवं होतं,
त्यांचं वय त्र्याऐंशी.
पहिली फेरी रुंद गेली. दुसरीत गाडीच बंद पडली.
तिसरीत बंपरनं माठ नेला,
पाणी काकांच्या धोतरावर, खापऱ्या माझ्या पायापर्यंत.
ते हलले नाहीत.
चौथ्या फेरीला तिचा हात खिडकीतून बाहेर आला
आणि मला आठवलं, की पांढरी फिरत होती तेव्हा
मी आरामात चहा पीत होतो.

नोट फाटली.
अर्धी तिच्या मुठीत, अर्धी काकांच्या चिमटीत.
त्यांनी आपला तुकडा बंडीत ठेवला, घडी घालून.
शर्वरी बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती,
हसत होती की काय, दिसलं नाही.

पांढरी बाजूला उभी होती, कॅमेरे चालू.
तिनं काय टिपून घेतलं, शर्वरीलाही सांगता आलं नाही.
प्रणोती खापऱ्या गोळा करत होती.
ऊन आलं.
हेडाऊ म्हणाला, 'माठाचे पैसे कोण देईन बे?'